तमिळ बोलणाऱ्यांनाच तमिळ वाघांनी का मारलं?

प्रश्न: श्रीलंकेतलं युद्ध म्हणजे सिंहली विरुद्ध तमिळ एवढंच डोक्यात होतं. परवा काट्टानकुडीबद्दल वाचलं, तिथे एलटीटीईने, म्हणजे तमिळ वाघांनी, मशिदीत घुसून माणसं मारली म्हणे. पण तिथले मुस्लिम तर तमिळच बोलतात ना? मग असं का?

उत्तर: तमिळच बोलतात, पण स्वतःला तमिळ म्हणवत नाहीत, तिथे मुस्लिम हा वेगळा समाजच धरला जातो, जनगणनेतही वेगळा मोजतात. खरी गोम इथेच आहे. एलटीटीईला श्रीलंकेचा उत्तर आणि पूर्व भाग मिळून तमिळ ईलम, म्हणजे तमिळांचा वेगळा देश हवा होता. उत्तरेत प्रश्न नव्हता, पण पूर्वेत तमिळ, मुस्लिम, सिंहली तिघेही भरपूर, त्यामुळे मुस्लिमांनी 'आम्ही यात नाही' म्हटलं की सगळं गणित बोंबललं. सुरुवातीला काही मुस्लिम पोरं संघटनेत होती बरं का, हे कुणी फारसं सांगत नाही. पुढे मुस्लिमांचा स्वतःचा पक्ष उभा राहिला, जून 1990 मध्ये युद्ध परत पेटलं, सरकारने मुस्लिम होमगार्डच्या हातात बंदुका दिल्या आणि मग काय, एलटीटीईला प्रत्येक मुस्लिम सरकारचा खबऱ्या वाटायला लागला.

3 ऑगस्ट 1990, शुक्रवार. पूर्व किनाऱ्यावरच्या बट्टिकलोआ शहराजवळच्या काट्टानकुडीत रात्रीची नमाज चालू होती आणि दोन मशिदींत हत्यारबंद लोक घुसले, नमाजात वाकलेल्या माणसांवर मागून गोळ्या. 140 च्या वर माणसं गेली, त्यात लहान मुलंही. एलटीटीईने कानावर हात ठेवले, पण वाचलेल्यांनी बोट त्यांच्याकडेच दाखवलं. आदल्याच दिवशी इराकने कुवेत घेतलं होतं, त्यामुळे जगाचं लक्ष तिकडे.

अर्थात एवढ्यावर थांबलं नाही, नंतर मुस्लिम होमगार्डांनीही तमिळ गावांवर सूड काढला, आणि त्यात मेले तेही साधे गावकरीच. ऑक्टोबरमध्ये एलटीटीईने उत्तरेतून 70 हजारांच्या आसपास मुस्लिमांना हाकललं, जाफना शहरात तर निघायला जेमतेम दोन तास दिले, दागिने पैसे काढून घेतले, बरेचसे पश्चिम किनाऱ्यावरच्या पुत्तलमच्या छावण्यांत गेले आणि वर्षानुवर्षं तिथेच राहिले.

2002 च्या शांतता बोलण्यांच्या वेळी एलटीटीईने या हकालपट्टीबद्दल माफी मागितली, पण काट्टानकुडीची जबाबदारी काही घेतली नाही. तिथल्या मशिदीच्या भिंतीवर गोळ्यांची भोकं अजून तशीच ठेवलीयेत.