चार दिवसांसाठी रोजची गोळी कशाला?

प्रश्न : माझे वय ३४. दोन वर्षांपासून दर महिन्या-दीड महिन्याने तीन-चार दिवस मन इतके खचते की आंघोळीलाही उठवत नाही. मग आपोआप बरे वाटते. डॉक्टरांनी लिथियम सुचवले आहे. चार दिवसांसाठी मी रोज गोळी का घ्यावी?

उत्तर : लिथियम हे त्या चार दिवसांवरचे औषध नव्हे, पुढची खेप टळावी किंवा सौम्य यावी म्हणून ते रोज घ्यायचे असते, कारण रक्तातील पातळी टिकली तरच त्याचा उपयोग होतो. द्विध्रुवी विकारात (बायपोलर, म्हणजे कधी अतिउत्साह तर कधी नैराश्य) त्याचा गुण सिद्ध झालेला आहे. वारंवार येणाऱ्या अल्पकालीन नैराश्यात मात्र पुरावा तोकडा आहे, हे आधीच ठाऊक असलेले बरे. म्हणून कॅलेंडरवर वाईट दिवसांची आणि पाळीचीही खूण करत जा; गुण आला की नाही, हे त्या पानांवरूनच कळेल. रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्त तपासतात. मूत्रपिंड आणि थायरॉइडच्या तपासण्याही अधूनमधून लागतात. गर्भधारणेचा विचार असल्यास आधी सांगा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके परस्पर घेऊ नका. जुलाब-उलट्या झाल्या, हात फार थरथरू लागले किंवा तोल जाऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. त्या दिवसांत जीव नकोसा वाटला, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो.