पात्राचा भूतकाळ किती लिहावा?

प्रश्न : आम्ही राजारामपुरीतील पाच मित्र दर रविवारी जमून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे वठवण्याच्या, फाशांच्या खेळाचे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग कथा, सुरू करणार आहोत. मी तालमीत वाढलेला, दांडपट्ट्यात तरबेज असा फायटर, म्हणजे लढवय्या, पात्र म्हणून निवडला आहे. त्याने दोन किल्ले जिंकले, एक राक्षस मारला, असे पूर्वायुष्य मी 12 पानांत लिहिले. परंतु खेळ चालवणारा आमचा डंजन मास्टर ते एका पानात मागतो. शिवाय पात्राच्या विजडम (शहाणपण) या गुणाला 8 हा आकडा द्यावा लागल्याने पात्र अधू वाटते. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : डंजन मास्टरचे म्हणणे मला पटते, आणि प्रश्न केवळ पानांचा नाही. 2014 च्या नियमांनुसार पहिल्या, म्हणजे सुरुवातीच्या, लेव्हलच्या फायटरला, कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा) 14 धरले तरी, 12 हिट पॉइंट, म्हणजे घाव सोसण्याचे गुण, मिळतात, आणि गॉब्लिन या किरकोळ राक्षसाच्या तलवारीचा एक घाव त्यांतले सरासरी 5 घेऊन जातो. तिसऱ्या घावाला आडवा होणाऱ्याने किल्ले जिंकले होते, हे खेळताना कोणालाच खरे वाटणार नाही. खासबागेच्या मैदानात उतरण्यापूर्वी मल्लाने अनेक वर्षे तालमीची माती अंगाला लावलेली असते. तुमचे पात्र अजून त्या मातीत आहे, असे समजून लिहा.

दांडपट्टा मात्र सोडू नका. नियमांच्या यादीत तो नाही, तरी डंजन मास्टरच्या संमतीने लाँगसोर्ड या तलवारीचा घाव मोजणारा आठ बाजूंचा फासाच त्याला लावता येईल. दांडपट्ट्याची मूठ हात जवळजवळ कोपरापर्यंत झाकते, त्यामुळे वार मनगटाने नव्हे, खांद्यातून फिरतो. एवढे एक वर्णनही पात्राला स्वतःची चाल देते.

आता 8 चा आकडा. पात्राच्या सहा गुणांना वाटायच्या 15, 14, 13, 12, 10, 8 या ठरावीक संचातील 8 कुठेतरी बसवावाच लागतो, आणि त्याने, कृती जमते का हे ठरवणाऱ्या वीस बाजूंच्या फाशावरील आकड्यातून केवळ 1 वजा होतो. विजडमवर दडलेले दिसणे आणि समोरच्याचे खोटे ओळखणे अवलंबून असते. म्हणून तुमचा गडी अधू नाही, भोळा आहे, आणि मला तरी त्याची हीच बाजू सर्वांत मोलाची वाटते. वस्तादांचा शब्द त्याने कधी तपासून पाहिला नाही; एके दिवशी वस्ताद एक चिठ्ठी ठेवून निघून गेले आणि तिच्यातील पत्त्यावर विसंबून हा घराबाहेर पडला, एवढा भूतकाळ एका पानात मावतो. त्याला काय हवे आहे, हे त्यातून कळते, आणि तो कोणावाचून अडेल, हेही कळते.

उरलेली पाने डंजन मास्टरकडे द्या. त्यांतील किल्ले आणि राक्षस त्याला पुढे वापरता येतील. तुमच्यापैकी ज्याचे पात्र माणसे पारखण्यात पटाईत आहे, त्याला पहिल्या रविवारपूर्वीच विचारा, की ती चिठ्ठी पाहताच त्याला कसली शंका आली आणि ती त्याने मनातच का ठेवली.