वेळ लिहून घे

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. अटकेचे नियम घालून देणारा सर्वोच्च न्यायालयाचा डी. के. बसू निकाल तू न्यायदंडाधिकाऱ्यांना वाचून दाखवलास, तरी अशिलाला तीन दिवसांची पीसी, म्हणजे पोलीस कोठडी, झालीच, आणि आता विचारतेस की या निकालांचा उपयोग काय. सोबत पाठवलेला तुझा अर्जही पाहिला. चार पानं नुसते उतारे. अशिलाला घरातून किती वाजता नेलं, हे मात्र त्यात कुठेच नाही. तो निकाल लावायचा कशाला, ते तू कोर्टापुढे ठेवलंच नाहीस.

वेळ लिहून घे. अशिलाच्या घरचा फोन आला की पहिला प्रश्न तोच विचार, कलम नंतर.

अटकेनंतर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर करायचे, संविधानाच्या अनुच्छेद 22(2) मधले 24 तास पोलीस स्टेशन डायरीतल्या नोंदीपासून मोजत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाने अशाक हुसेन प्रकरणात 1990 सालीच सांगितलंय की माणसाच्या हालचालीवर बंधन आलं, तिथून अटक सुरू होते. अधिकाऱ्याने लिहिलेल्या वेळेपासून नाही. समज, सोमवारी रात्री 9 ला 'चौकशीसाठी' नेलं, अटक मंगळवारी दुपारी 3 ला दाखवली आणि बुधवारी सकाळी 11 ला हजर केलं. कागदावर 20 तास, खरे 38. हे 18 तास तोंडी सांगून सिद्ध होत नाहीत. बायकोने रात्री 9.20 ला दिराला केलेला फोन, सोसायटीच्या गेटवरचं रजिस्टर, ठाण्याबाहेरून पाठवलेला मेसेज, हे त्याच रात्री गोळा करायचं. आठवड्याने घरच्यांनाही नक्की वेळ आठवत नाही.

मग अटकेचे आधार. पंकज बन्सल (2023) आणि प्रबीर पुरकायस्थ (15 मे 2024) हे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल मुळातून वाच, सारांश वाचू नकोस. पुरकायस्थमध्ये न्यायालयाने अटकेची कारणं आणि अटकेचे आधार असा फरक केला. 'पुरावा नष्ट करू नये', 'तपासात सहकार्य करावं' ही कारणं झाली, ती कुणालाही लागू होतात. या माणसाने नेमकं काय केल्याचा आरोप आहे, तो आधार. साधी परीक्षा सांगतो: कागदावरचं नाव खोडून दुसऱ्या कुणाचंही लिही. मजकूर तसाच चालत असेल, तर आधार दिलेलेच नाहीत. आणि त्याच प्रकरणातल्या वेळा बघ. रिमांडच्या, म्हणजे कोठडीच्या, आदेशावर सकाळी 6 ची वेळ, आणि आरोपीच्या वकिलाला रिमांड अर्जाची प्रत व्हॉट्सअॅपवर आली 7 वाजून 7 मिनिटांनी. त्या वेळा नोंदलेल्या होत्या, म्हणून त्यांवर बोट ठेवता आलं!

नोव्हेंबर 2025 मध्ये आपल्याच राज्यातून वर गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. आधार लेखी हवेत, आरोपीला समजणाऱ्या भाषेत हवेत, आणि लगेच देणं शक्य नसेल तर तोंडी सांगून रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान 2 तास आधी हातात पडायला हवेत. म्हणजे पुन्हा वेळच. प्रत घेताना आरोपीने सहीखाली तारीख आणि वेळ स्वतःच्या हाताने लिहावी. छापील फॉर्मवर 'प्रत मिळाली' एवढ्यावरच सही झाली, की तुझा मुद्दा तिथेच गेला.

सरकारी वकील विचारतील, लेखी दिलं नाही म्हणून बिघडलं काय? उत्तर तयार ठेव: पोलीस कोठडीला विरोध करायला वकिलाकडे मजकूरच नव्हता. 'बायकोला कळवलं होतं' म्हणाले, तर सर्वोच्च न्यायालयाचा विहान कुमार निकाल (7 फेब्रुवारी 2025) दाखव. नातेवाइकाला सांगणं म्हणजे आरोपीला आधार सांगणं नव्हे, ते सांगितल्याचं सिद्ध करायची जबाबदारी पोलिसांची, आणि रिमांडच्या आदेशाने मूळची बेकायदा अटक कायदेशीर होत नाही. फक्त अशिलाला खोटी आशा लावू नकोस. सुटका म्हणजे निर्दोष सुटणं नव्हे. लेखी आधार देऊन पोलीस पुन्हा कोठडी मागू शकतात.

मला किरकोळ कागदावरून भांडणारा म्हणतात. म्हणोत. भाषणं ठोकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आणि वेळेचं महत्त्व उशिरा कळलं, त्याची खंत आहे. म्हणूनच तुझ्यावर चिडतोय. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक नको सांगणारा अर्नेश कुमार निकाल (2014) तोंडपाठ असून भागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, अटकेऐवजी हजर राहायला सांगणारी नोटीस का दिली नाही आणि अटकेची गरज दाखवणारी, कारणं भरलेली यादी कुठे आहे, हे कोर्टाच्या टेबलापाशी उभं राहून विचारावं लागतं.

आणि बोललेलं सगळं हवेत जातं. आरोपीने न्यायदंडाधिकाऱ्यांना 'मला रात्री 9 ला आणलं' असं सांगितलं, तर ते रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत, घ्यायची विनंती कर. नाही घेतलं, तर तिथेच पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दे, हाताने लिहिलेली चालेल, आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का आणि वेळ घेतल्याशिवाय टेबल सोडू नकोस. लिपिक कुरकुर करेल. करू दे.

या प्रकरणात अजून वेळ गेलेली नाही. उद्या रोजनामा, रिमांड अर्ज आणि आदेशाच्या नकलेसाठी अर्ज दे. अटक पंचनामा काढून साक्षीदाराची आणि आरोपीची सही तपास. बसू निकालात दोन्ही सांगितल्या आहेत. ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याचा अर्जही उद्याच. परमवीर सिंग सैनी निकालाने (2020) ते 18 महिने ठेवायला सांगितलंय, पण त्या भरवशावर बसू नकोस. प्रवेशद्वार आणि लॉकअपबाहेरच्या मार्गिकेचे कॅमेरे असं नेमकं लिही, सोमवार रात्री 8 ते मंगळवार दुपारी 4 अशा धर्तीवर तारीखवार. तुझ्या अशिलाला नेमकं कधी नेलं, ते आज रात्रीच त्याच्या घरी विचार आणि मला कळव.