वाचन अडखळतं, म्हणून विज्ञान सोडायचं?

प्रश्न : माझी मुलगी नववीत आहे. चौथीपर्यंत सगळं ठीक होतं, कारण धडे तिला नुसते ऐकून पाठ व्हायचे. सहावीपासून गुण घसरत गेले. तोंडी विचारलं तर नीट सांगते, पेपरात मात्र निम्मे प्रश्न राहून जातात. शाळेच्या सांगण्यावरून मानसशास्त्रज्ञांकडून चाचण्या करून घेतल्या. अहवालात वाचन आणि शुद्धलेखनातली 'विशिष्ट अध्ययन अक्षमता' असं आलंय. बुद्ध्यांक १०२ आहे. तिला प्राण्यांची डॉक्टर व्हायचंय. वर्गशिक्षिका म्हणतात, विज्ञानाच्या भानगडीत पडू नका. तिचे बाबा म्हणतात, 'मीही लहानपणी असाच होतो, मोठी झाली की सुधारेल. परीक्षेतली सवलत घेऊन शिक्का मारून घ्यायचा नाही आणि अहवाल तिला दाखवायचा नाही.' अशा मुलांसाठी कोणतं करिअर योग्य ठरतं?

उत्तर : नमस्कार ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. 'अशा मुलांसाठी' म्हणून वेगळं करिअर नसतं. इंटरनेटवर तशा याद्या भरपूर सापडतील : चित्रकला, छायाचित्रण, खेळ, डिझाइन. वाचता येत नाही म्हणजे हातात काहीतरी कला असणारच, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. पण डिस्लेक्सिया, म्हणजे अहवालात आलेली वाचन-शुद्धलेखनातली हीच अडचण, असलेल्या कित्येक मुलांना सरळ रेघसुद्धा मारता येत नाही. त्यांना रंगपेटी देऊन आपण त्यांच्यावर दुहेरी अन्याय करतो.

दुसरी यादी थोरामोठ्यांची. तीत आइनस्टाइन हमखास असतात. त्यांना डिस्लेक्सिया होता याला भक्कम पुरावा नाही, आणि शाळेत त्यांचं गणित उत्तम होतं. उदाहरण हवंच असेल तर कॅरोल ग्रायडर यांचं घ्या. गुणसूत्रांच्या टोकांची झीज भरून काढणाऱ्या टेलोमरेज या विकराच्या शोधासाठी त्यांना २००९ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं. लहानपणी त्यांचं शुद्धलेखन इतकं कच्चं होतं, की त्यांना जादा वर्गाला बसावं लागायचं. पुढे प्रवेशपरीक्षेत गुण कमी पडले म्हणून अनेक विद्यापीठांनी त्यांना दार उघडलं नाही. डिस्लेक्सिया असला की माणूस शास्त्रज्ञ होतो, असा याचा अर्थ कुणी काढू नये. अडखळत वाचणाऱ्याला विज्ञान जमतच नाही हे म्हणणं खोटं आहे, एवढंच यातून दिसतं. वर्गशिक्षिकांना माझ्याकडून उत्तर द्यायचं झालं तर ते हेच.

आता अहवालाकडे वळू. तुम्ही पत्रात त्यातला एकच आकडा लिहिलाय, १०२. बहुतेक पालक तसंच करतात, पण त्या आकड्याचा उपयोग सर्वांत कमी. या चाचण्यांमध्ये सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण दोन तृतीयांश मुलं ८५ ते ११५ या पट्ट्यात येतात. म्हणजे तुमच्या मुलीची बुद्धी तिच्या वयाच्या बहुसंख्य मुलांसारखी आहे. महत्त्वाची माहिती त्या आकड्याच्या पोटात असते. मुलांसाठी जगभर वापरली जाणारी वेश्लरची चाचणी पाच क्षमता वेगवेगळ्या मोजते : भाषेतून समजणं, आकृत्या-रचना ओळखणं, नव्या प्रश्नावर तर्क चालवणं, माहिती थोडा वेळ डोक्यात धरून तिच्यावर काम करणं आणि शेवटी प्रक्रियेचा वेग. एखाद्या मुलीला भाषेत ११८ आणि वेगात ८० मिळाले, तर एकत्रित आकडा तिच्याबद्दल काहीच सांगत नाही. अशा वेळी जाणकार तज्ज्ञ स्वतःच अहवालात लिहितात, की एकूण बुद्ध्यांकावर विसंबू नका.

'वेग कमी' हे शब्द अहवालात असतील तर धसका घेऊ नका. हा वेग मोजतात कसा? समोर चिन्हांची किल्ली असते. त्यावरून ठरावीक वेळात पेन्सिलीने चिन्हं भराभर उतरवायची, किंवा रांगेतून नेमकं चिन्ह पटकन शोधायचं. ज्या मुलीचा हात लिहिताना अवघडतो तिचा आकडा इथे आपोआप खाली येतो. समज मंद आहे असं त्यातून ठरत नाही. शाळेत मात्र 'स्लो' हा एकच शब्द दोन्हींसाठी फिरतो आणि मुलगी तो स्वतःला लावून घेते.

पुढे वाचनाच्या चाचण्यांचं पान असेल, ते निवांत वाचा. त्यात निरर्थक शब्द वाचायला देतात, 'लोपटीम', 'गिरबूस' असे. कुणाला वाटेल, हा काय खेळ? पण 'शाळा' किंवा 'पाऊस' हे शब्द मूल चेहऱ्यावरून ओळखू शकतं, आणि तुमच्या लेकीने चौथीपर्यंत बहुतेक तेच केलं. निरर्थक शब्द मात्र अक्षर-अक्षर जोडल्याशिवाय वाचताच येत नाही. त्यामुळे अडचण नेमकी तिथे उघडी पडते. 'कमळमधला क काढला तर काय उरेल?' असल्या तोंडी प्रश्नांमागेही तेच शोधलेलं असतं. डिस्लेक्सिया बहुतांशी ध्वनी आणि अक्षर यांच्या सांध्यात असतो, डोळ्यांत नव्हे. म्हणून रंगीत काचांचे चष्मे आणि डोळ्यांचे व्यायाम विकणाऱ्यांपासून दूर राहा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच संयुक्त निवेदनातून सांगितलं, की या उपायांना शास्त्रीय आधार नाही. डोळे आणि कान एकदा तपासून घ्यायचे, ते दुसरं काही कारण नाही ना हे बघण्यासाठी.

ज्यांनी चाचण्या घेतल्या त्यांना पुन्हा एकदा भेटा. अहवाल हातात ठेवून दोन गोष्टी विचारा. तिची नजर, ऐकणं, शाळेतली गैरहजेरी, घरची आणि शिकण्याची भाषा यांचा विचार केला होता का? आणि निदानाआधी तिला नेमकी मदत देऊन पाहिली होती का? २०१३ पासून लागू असलेल्या डीएसएम-५ या निदानसंहितेप्रमाणे खास मदत देऊनही अडचण किमान सहा महिने टिकलेली असावी लागते. नुसत्या दोन तासांच्या चाचणीवरून निदान करायचं नसतं. वह्या, शिक्षकांची निरीक्षणं आणि लहानपणापासूनचा इतिहास असं सगळं त्यात धरायचं असतं. लक्ष टिकवण्याची अडचण किंवा परीक्षेची भीती सोबत आहे का, हेही विचारा. डिस्लेक्सियाबरोबर ती अनेकदा येते, आणि मुलगी शांत असली की हमखास नजरेतून सुटते. वर्गात दंगा करणाऱ्या मुलांना तपासणीला पाठवलं जातं, मान खाली घालून बसणाऱ्या मुली मागे राहतात.

तिच्या बाबांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. 'मीही असाच होतो' हे तर अगदीच शक्य आहे, कारण ही अडचण घराण्यातून चालत येते. आई किंवा वडिलांना असेल तर मुलांमध्ये ती दिसण्याची शक्यता बरीच वाढते. पण 'सुधारेल' म्हणजे काय होईल, हे समजून घ्यायला हवं. वय वाढतं तशा चुका कमी होतात, वेग मात्र बहुतेकांचा मागेच राहतो. शिवाय तिच्यापुढचं वाचन दरवर्षी वाढत जाणार आहे. नुसती वाट पाहिली तर दरी रुंदावते.

राहिलं अहवाल लपवण्याचं. ताई, तिला माहीत आहे. निदानाचा शब्द माहीत नसेल, पण आपल्याला इतरांपेक्षा दुप्पट वेळ लागतो हे ती रोज पाहते आणि त्याचं स्पष्टीकरण तिने स्वतःपुरतं शोधलेलंही आहे. ते बहुधा 'मी ढ आहे' असंच असणार. अहवालातलं स्पष्टीकरण त्यापेक्षा खरंही आहे आणि सौम्यही. ते तिला सांगायला घरात सर्वांत योग्य माणूस म्हणजे तिचे बाबा. त्यांनी शाळेत काय युक्त्या केल्या, कुठे खोटं बोलून वेळ मारून नेली, आज कामावर लांबलचक कागद आला की काय करतात, हे त्यांनी सांगावं. उपदेश नको.

सवलतीबद्दल माझं मत ठाम आहे : घ्या. जीवशास्त्राच्या पेपरात जीवशास्त्र किती कळलं हे तपासायचं असतं. वाचनाचा वेग तिथे नको असताना मोजला जातो. वाढीव वेळ हा तेवढाच दोष काढून टाकतो. ज्याला उत्तरच येत नाही त्याला जास्त वेळ देऊनही ते येत नाही. मात्र सवलत हाताळणंही शिकावं लागतं, आणि ते शेवटच्या महिन्यात होत नाही. लेखनिकाचंच घ्या. उत्तर मनात रचून, परिच्छेद पाडून, आकृतीत कुठे काय लिहायचं हे सांगत दुसऱ्याकडून लिहून घेणं अवघड असतं. सराव नसलेली मुलं लेखनिकासमोर गप्प बसतात आणि गुण आणखी घटतात. मला स्वतःला लेखनिकापेक्षा संगणकावर टाइप करणं जास्त पसंत आहे, जिथे परवानगी असेल तिथे. पुढे नोकरीत लेखनिक मिळत नाही, कीबोर्ड मिळतो. नियम परीक्षा मंडळागणिक बदलतात, अर्जाची मुदत असते, अहवाल किती जुना चालतो याचीही अट असते. म्हणून शाळेकडे लेखी विचारणा आताच करा, आणि वर्गातल्या चाचण्यांनाही तीच सवलत मागा.

सवलतीबरोबर शिकवणंही हवं. नववीत उशीर झाला असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. ध्वनी-अक्षराचे नियम, जोडाक्षरं, शब्दांचे मूळ धातू आणि प्रत्यय हे क्रमाने, उघडपणे आणि वारंवार शिकवणारे विशेष शिक्षक शोधा. आठवड्यातून एकदा दोन तासांपेक्षा रोज अर्धा तास बरा. विज्ञानाच्या शब्दांना तर ही पद्धत फार उपयोगी पडते. प्रकाशसंश्लेषण हा शब्द अख्खा बघितला की छाती दडपते. 'प्रकाश', 'सम्', 'श्लेषण' असे तुकडे पाडले की तो वाचताही येतो आणि त्याचा अर्थही लागतो. सोबत पाठ्यपुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारं ॲप वापरू द्या. ऐकून शिकणं ही फसवणूक नाही.

आता प्राण्यांची डॉक्टर. या शिक्षणात वाचन प्रचंड आहे आणि लॅटिन-ग्रीक नावांचा डोंगर आहे, हे मी गोड करून सांगणार नाही. औषधांची नावं सारखी दिसतात आणि मात्रेत दशांश चिन्ह सरकलं तर जनावर दगावतं. म्हणून लिहिलेलं दोनदा तपासायची, दुसऱ्याकडून पडताळून घ्यायची सवय तिला हाडीमाशी भिनवावी लागेल. पण न बोलणाऱ्या रुग्णाकडे बघून काय बिघडलंय ओळखणं, हात न थरथरता त्याला धरणं, घाबरलेल्या मालकाला समजावणं, हेही याच कामात येतं आणि त्यातलं काहीच अक्षरांवर अवलंबून नाही. तुमच्या मुलीत हे आहे का, ते अहवाल सांगणार नाही. ओळखीच्या पशुवैद्यांना विचारून सुट्टीत काही दिवस तिला दवाखान्यात बसू द्या. रक्त, वास, मरणारं जनावर बघून ती घरी येऊन काय बोलते ते ऐका. 'प्राणी आवडतात' आणि 'हे काम आवडतं' यांच्यात बरंच अंतर असतं, आणि ते डिस्लेक्सिया नसलेल्या मुलांनाही पार करता येतंच असं नाही. पशुवैद्यकाचे सहायक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, वन्यजीव अभ्यासक, प्राण्यांच्या वर्तनाचे प्रशिक्षक अशा शेजारच्या वाटाही तिला तिथे दिसतील. मात्र 'तुला हे झेपणार नाही, म्हणून ते घे' अशा शब्दांत त्या तिच्यासमोर ठेवू नका.

विज्ञानाचा निर्णय आज घेऊ नका. येत्या सहामाहीत एक साधा प्रयोग करा. जीवशास्त्र, भौतिकशास्त्र आणि गणित यांचा एकेक धडा तिला ऐकवून, आकृत्या दाखवून शिकवा. मग आधी तोंडी परीक्षा घ्या आणि दोन दिवसांनी त्याच प्रश्नांची लेखी, वाढीव वेळ देऊन. तोंडी उत्तम आणि लेखी बरी असेल तर विज्ञान घ्यायला माझी हरकत नाही. मदतीची घडी तेवढी बसवत राहायची. तोंडीतच संकल्पना डळमळत असेल, विशेषतः गणितात, तर ती अडचण वेगळी आहे. तिच्यासाठी गणिताची वेगळी चाचणी करून घ्या आणि मगच विषय ठरवा.

तुम्ही ताज्या कलमात विचारलंय, की विज्ञानासाठी आणखी एक क्लास लावू का. नको. शाळा, घरचा अभ्यास आणि विशेष शिक्षकांचा अर्धा तास एवढ्यातच ती थकेल. क्लासमध्ये फळ्यावरून भराभर उतरवून घ्यावं लागेल, म्हणजे तिला जे सर्वांत कठीण जातं तेच आणखी दोन तास. तो वेळ दवाखान्यासाठी ठेवा. प्रयोगाचे निकाल आणि अहवालातली पाच आकड्यांची पानं घेऊन, तिला सोबत घेऊन या. पुढचं बोलणं तिच्याशीच करू.