थीम बदलली की कॉम्प्युटर पळायला लागतो का?

थोडाफार, पण तुम्हाला वाटतंय तितका नाही. नुसता रंग, वॉलपेपरचा फोटो किंवा आयकॉन बदलून वेगात जाणवेल असा फरक पडत नाही. भार असतो तो पारदर्शकता, सावल्या आणि अ‍ॅनिमेशनचा. तोही ग्राफिक्स चिप बरी असेल तर किरकोळच.

म्हणून आधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून विंडोजचा टास्क मॅनेजर (कोणता प्रोग्रॅम किती मेमरी खातोय ते दाखवणारी खिडकी) बघा. मेमरी ९० टक्क्यांवर गेली असेल तर थीम बिचारी निर्दोष आहे. ब्राउझरचे टॅब मोजा!

मशीन खरंच जुनं असेल तर एवढंच करा:

- विंडोजच्या सेटिंग्जमध्ये पारदर्शकता आणि अ‍ॅनिमेशन बंद करा. मेनू झटकन उघडतात. यातला बराचसा वेग भासाचा, पण कामाला बरा वाटतो.
- हलता वॉलपेपर काढा. तो सतत काही ना काही खात असतो.

नवखे हमखास सगळे दिखाऊ इफेक्ट एका फटक्यात बंद करणाऱ्या ‘बेस्ट परफॉर्मन्स’वर क्लिक करून मोकळे होतात आणि मग अक्षरं कुरतडल्यासारखी दिसतात. कारण त्यात फॉन्टच्या कडा गुळगुळीत करणारी टिकही निघून जाते. तेवढी परत लावा.

आणि सिस्टिमच्या फाइली बदलणाऱ्या बाहेरच्या थीमपासून लांब राहा. मी हौसेने एक टाकली होती. पुढच्याच अपडेटनंतर लॉगिन केलं तर समोर काळा पडदा आणि एकटा माउसचा बाण. अख्खा रविवार त्यात गेला.

रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जचा साठा) करामती सध्या राहू द्या.