गर्भातच कवटीची हाडं जुळतात, तर जन्मल्यावर टाळू मऊ का लागते?

माथ्याची हाडं पोटात एकमेकांना जुळतच नाहीत, आणि जुळली तर ते दुखणं असतं.

कवटीचा तळ आधी कूर्चेचा, म्हणजे कानाच्या पाळीच्या वरच्या भागात असते तशा लवचिक ऊतीचा बनतो, मग कूर्चेच्या जागी हाड येतं. माथ्याला हा कूर्चेचा टप्पा नाही. मेंदूभोवतीच्या मऊ पडद्यातल्या पेशी थेट हाड तयार करतात. फलनानंतर साधारण ८व्या आठवड्यात कपाळात आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना हाडाचे ठिपके उमटतात आणि तिथून हाड बारीक काड्यांसारखं चहूकडे पसरतं. बाजूचं हाड चौकोनी असतं. त्याचे कोपरे मध्यापासून सगळ्यात लांब, म्हणून हाड तिथे सगळ्यात उशिरा पोचतं. टाळू म्हणजे हेच न भरलेले कोपरे. अशा जागा सहा असतात, पण हाताला सहज लागतात त्या पुढची आणि मागची. मागची २-३ महिन्यांत भरते, पुढची बहुधा १२ ते १८ महिन्यांत.

दोन हाडांमध्ये उरते ती शिवण. तिला नुसती फट समजू नका. माथा वाढतो तो मुख्यतः तिच्यामुळे. वाढता मेंदू हाडांना दूर सारतो आणि त्यांच्या कडांवर नवं हाड चढतं. मधल्या पेशींनी एवढ्यात हाड होऊ नये, यासाठी खालच्या मेंदूआवरणातून रासायनिक संदेश येत राहतात. कपाळाची शिवण साधारण पहिल्या वर्षातच बुजते, बाकीच्या मोठ्या शिवणी प्रौढ वयात.

साधारण २००० ते २५०० बाळांमागे एकात एखादी शिवण वेळेआधी बुजते, बऱ्याचदा जन्माआधीच. काहींमध्ये एफजीएफआर२ सारख्या जनुकातला बदल कारणीभूत असतो. मग बुजलेल्या शिवणीच्या आडव्या दिशेने वाढ अडते आणि तिच्या लांबीच्या दिशेने जास्त होते. जर्मन वैद्य फिरखोव्ह यांनी १८५१ मध्ये मांडलेला हा नियम आजही उपयोगी पडतो. माथ्यावरची मधली शिवण बुजली तर डोकं अरुंद, लांबट होतं. कपाळाची बुजली तर कपाळ पुढे निमुळतं होतं.

प्रसूतीत हाडं एकमेकांवर चढतात, त्यामुळे पहिले काही दिवस शिवणीवर हाताला कंगोरा, म्हणजे उंचवटा लागला तर घाबरू नका. झोपताना डोकं सतत एकाच बाजूला वळलेलं राहिल्याने मागून चपटं झालं, तर तेही शिवण बुजण्यापेक्षा वेगळं: त्यात शिवणीवर कंगोरा नसतो आणि चपट्या बाजूचा कान पुढे सरकलेला दिसतो. पण कंगोरा टिकला आणि आकार बिघडत चालला, तर टाळू भरण्याची वाट पाहू नका. टाळू उघडी असतानाही शिवण बुजलेली असू शकते, आणि शस्त्रक्रिया लागलीच तर ती बहुधा पहिल्या वर्षातच करतात.