सॅपमध्ये (कंपनीचा माल-हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर) ३१३ या मूव्हमेंट टाइपने, म्हणजे माल हलवायच्या कोडने, माल दुसऱ्या स्टोरेज लोकेशनला टाकला, पण तिकडे वापरायला स्टॉक दिसत नाही, गेला कुठे?

गेला कुठेच नाही, ट्रान्सफरमध्ये अडकलाय, मीगोमध्ये (माल हलवल्याची एंट्री करायची स्क्रीन) जाऊन ३१५ पोस्ट करा की झालं. ३१३-३१५ ही जोडी आहे, पहिल्याने माल इकडून निघतो आणि माल घेणाऱ्याने ३१५ मारेपर्यंत 'स्टॉक इन ट्रान्सफर' म्हणून घेणाऱ्याच्याच लोकेशनवर दिसतो पण इश्यू करता येत नाही, एमएमबीई (स्टॉक बघायची स्क्रीन) उघडून बघा, क्वांटिटी तिथेच सापडेल. आमच्या स्टोअरला नवीन पोरं दर महिन्याला हाच घोळ घालतात. दोन्ही गोदामं एकाच आवारात असतील तर सरळ ३११ वापरा, एका एंट्रीत काम, दोन टप्पे तेव्हाच जेव्हा माल गाडीतून जातो आणि मोजून घ्यायचा असतो. फक्त लोकेशन वेअरहाऊस मॅनेजमेंटखाली (सॅपचा गोदामातल्या जागांचा हिशोब ठेवणारा भाग) असेल तर एवढ्यावर भागत नाही, बिनमध्ये, म्हणजे गोदामातल्या ठरलेल्या कप्प्यात, माल ठेवल्याचं वेगळं कन्फर्म करावं लागतं.